पहिल्या पुनवेच्या आरत्या

मला पेढा आवडत नाही. घरात कुणी पास झालं, कुणाला नोकरी लागली, कुणाला बाळ झालं की पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे येतो, मी एक उचलते आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून नातवाच्या हातावर ठेवते. पेढा कुणीतरी आधीच चावून दिल्यासारखा लागतो. दातांना काही कामच उरत नाही. जिलबीनं बोटं चिकट होतात. श्रीखंड मला लग्नानंतर कळलं, आणि कळून फार काही मिळालं असंही नाही. होळगीला, म्हणजे पुरणपोळीला, मी गोडात धरतच नाही. आमच्याकडे ते सणाचं जेवण. दोन खाल्ल्या की दुपारभर झोप.

मला आवडते ती नुसती साखर. कडक, तोंडात धरून ठेवायची. बत्तासा, रेवडी, पाडव्याची गाठी, लिमलेटची गोळी. त्यातही कडाकडा चावून खाणारी माणसं मला पटत नाहीत. एवढी घाई असेल तर खावी कशाला! सून म्हणते, तुमची आवड लहान मुलांची आहे. असेल. माझी आवड तेराव्या वर्षी जिथं थांबली तिथंच आहे, पुढं तिला कुणी नेलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही.

आमच्या भागात, म्हणजे बीदर आणि गुलबर्ग्याच्या मधल्या पट्ट्यात, कार्तिकातल्या पुनवेला गौरीची पुनव म्हणतात. कन्नडात गौरी हुण्णिवे. त्या दिवशी मुली नटूनथटून, हातात ताट घेऊन गौरीला ओवाळायला निघतात, आणि ताटात दिव्याच्या भोवती साखरेच्या आरत्या मांडलेल्या असतात. आरती म्हणजे साखरेची बाहुलीच. लाकडी साचे पाण्यात भिजवून दोरीनं बांधायचे, त्यात साखरेचा दाट पाक ओतायचा, निवला की साचा उघडायचा. आतून हत्ती निघतो, उंट निघतो, मोर, पोपट, तुळशीवृंदावन निघतं. ओवाळून घरी आलं की वाटायच्या आणि खायच्या. मी सगळ्यांत आधी पोपट खायची. का, ते सांगता येणार नाही. त्याची चोच पातळ असायची आणि जिभेवर लगेच विरायची, एवढं आठवतं.

ज्या मुलीची सोयरीक झालेली आहे, तिच्या आरत्या मात्र आईबापानं आणायच्या नसतात. त्या सासरहून येतात. बुट्टीत, म्हणजे टोपलीत, मऊ कापड अंथरून, त्यात आरत्या रचून, वर साडी घालून सासरचं माणूस घेऊन येतं. आरत्या आल्या म्हणजे सोयरीक शाबूत. नाही आल्या म्हणजे तिकडं काहीतरी बिनसलं, आणि ते लपत नाही, कारण बाकीच्या पोरींची ताटं भरलेली असतात आणि त्या एकीच्या ताटात नुसता दिवा असतो.

माझी सोयरीक फाल्गुनात झाली. आमचं गाव हुलसूरच्या अंगाला, सासरचं बीदरच्या बाजूला. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दिवेलागणीला पोचणार. मुलाला मी पाहिलं नव्हतं. साखरपुड्याला त्या घरच्या बायका आल्या, त्यांनी माझ्या ओटीत साखर घातली. मान वर करायची नाही असं अव्वानं, म्हणजे आईनं, बजावलं होतं. मला त्यांची पावलं तेवढी दिसली. मुलगा अंगानं बारीक आहे आणि चार इयत्ता उर्दू शिकलाय, असं कानावर आलं. लग्न पुढच्या वर्षी.

पण त्याच उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली. ज्यांना जमलं ते हद्द ओलांडून सोलापूरकडं गेले. माझ्या सासरची मंडळीही गेली, तिकडं छावणीत राहिलीत असं कळलं. आम्ही गेलो नाही. अप्पांचं, माझ्या वडिलांचं, किराण्याचं दुकान होतं आणि ते कुणाच्या भरवशावर टाकायचं हे त्यांना ठरवता आलं नाही. निजामाच्या मुलखात बाहेरून माल येणं थांबलं होतं. मीठ महाग झालं, साखर तर दिसेनाशीच झाली. दुकानातल्या साखरेच्या पिंपात अप्पा गूळ ठेवायचे.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि रझाकार गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं बत्ताशेवाल्या चाचांचं दुकानही बंद झालं. चाचा रझाकार नव्हते. ते बत्तासे करायचे. गावाला लागणाऱ्या आरत्या तेच करायचे, साचे त्यांचेच. एका सकाळी दार सताड उघडं होतं, आत कुणी नव्हतं, आणि चुलाण्यावर कढई तशीच होती. मी घरी येऊन विचारलं, “चाचा कामून न्हाईत?” अव्वा म्हणाली, “गप बस.” मी गप बसले. त्या वर्षी गप बसणं मला फार लवकर जमलं, आणि मग ते अंगवळणीच पडलं.

दसऱ्याच्या सुमाराला छावण्यांतली माणसं परतू लागली. त्यांतल्या एकानं दुकानात अप्पांना सांगितलं की तिकडं पटकी झाली होती, आणि तुमच्या व्याह्यांच्या घरातलं एक माणूस गेलं. कोण गेलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारा चुलता असंल, म्हणाला. मग म्हणाला, न्हाईतर पोरगा असंल, कुणास ठाऊक.

अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी पायांत जोडा घालून निघाले होते, अव्वानं दारातच अडवलं.

“कुठं जायलाय?”

“जाऊन बगून येतो.”

“काय इचारणार जाऊन? तुमचं पोरगं जित्तं हाय का म्हणून? पुनव जवळ आली. आरत्या आल्या तर समजंल, न्हाई आल्या तरी समजंल.”

अप्पांनी जोडा काढून ठेवला. माझ्यासमोर कुणी काही बोलत नव्हतं, पण मी बहिरी नव्हते. सोयरीक झाली आणि वर्षाच्या आत मुलगा गेला, तर ती मुलगी पांढऱ्या पायाची. तिला पुन्हा कोण करून घेणार? आमच्याच गल्लीत अशी एक होती. केस पिकेपर्यंत भावाच्या घरी भाकऱ्या थापत होती, आणि लग्नकार्यात तिला मागच्या दाराशी बसवत. मी तिच्याकडं पाहायची आणि मला भीती वाटायला हवी होती. पण वाटत नव्हती. अंगात काहीतरी बधिर झालं होतं. मुलगा जिवंत असावा असं मला वाटत होतं का, तेही मला सांगता येत नाही. आरत्या याव्यात, असं मात्र वाटत होतं. साखर खाऊन कितीतरी महिने झाले होते.

पुनवेच्या दिवशी अव्वानं मला न्हाऊ घातलं, वेणीत शेवंती माळली आणि रिकामं ताट घासून जोत्यावर ठेवलं. त्या वर्षी गल्लीत फारशा आरत्या नव्हत्याच. कुणी गुळाच्या केल्या होत्या, त्या काळ्या आणि चिकट झाल्या होत्या. मैत्रिणी दारावरून जाता-जाता माझ्या ताटाकडं बघत होत्या. अव्वा सारखी आतबाहेर करत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. मी भिंतीला टेकून बसले होते.

उन्हं उतरताना सासरच्या गावचे जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांचे पुजारी, अय्या दारात उभे राहिले. म्हातारे, पाय धुळीनं भरलेले, डोक्यावर बुट्टी.

“शरणु,” म्हणाले, आणि बुट्टी अव्वाच्या हातात दिली.

अव्वानं कापड बाजूला केलं. आत हिरवी साडी होती, आणि तिच्याखाली आरत्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, साखरेच्या. हत्ती, उंट, मोर, वृंदावन. पोपटसुद्धा. अव्वा पदर तोंडाला लावून रडायला लागली. शेजारच्या मास्तरीणकाकू धावत आल्या. त्या ब्राह्मण, पक्क्या सोवळ्यातल्या, पण अव्वावर त्यांचा जीव होता.

“अगं वेडे, रडतेस काय!” त्या म्हणाल्या. “ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्षभर सण नसतो. गोडाची कढई चढत नाही. या आरत्या आल्या म्हणजे ते घर सुखरूप आहे. त्या मेल्यानं उगीच हूल उठवली!”

अव्वानं डोळे पुसले. अप्पा दुकानातून आले, त्यांनाही काकूंनी तेच सांगितलं, आणि त्यांनाही पटलं. “बरोबर हाय,” ते म्हणाले, दोनदा म्हणाले. मग अय्यांना विचारलं, “तिकडं समदे बरे हाईत न्हवं?”

“शिवाची कृपा,” अय्या म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या वेणीत फुलं होती, हातात ताट होतं. अव्वानं होळगी वाढायला घेतली तर म्हणाले, आज उपास आहे. पाणी प्यायले. मुक्कामाला राहा म्हटलं तर राहिले नाहीत. मठात उतरतो म्हणाले आणि निघाले.

मी आरत्या घेऊन मैत्रिणींबरोबर गेले. माझ्या ताटाइतकं पांढरं ताट त्या वर्षी कुणाचंच नव्हतं. ओवाळून घरी आले आणि पोपट तोंडात घातला. तसं गोड मी नंतर कधी खाल्लं नाही, हे मी आत्ता, या वयातही, अगदी सरळ सांगते. काही आरत्या वाटल्या. उरलेल्या अव्वानं पितळी डब्यात ठेवल्या आणि अधूनमधून एक द्यायची.

मार्गशीर्ष लागला तसे अप्पा लग्नाची तिथी काढायला सासरच्या गावी गेले. जाताना अव्वानं त्यांच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले, टोपी खुंटीला लावली, आणि लाडवांचा डबा होता तसा चुलीपुढं ठेवला.

“पोरगा गेला,” म्हणाले. “छावणीतच गेला. आरत्या आल्या त्याच्या बी आधी.”

माझ्या तोंडात हत्ती होता. थुंकावा की गिळावा ते कळेना. मी तो तसाच धरून ठेवला आणि तो आपला विरत राहिला. अव्वा कपाळावर हात मारून ओरडली, “मग आरत्या कशा आल्या? सण कसा केला त्यांनी?”

अप्पा म्हणाले, “आपल्यात सुतक हाय का?”

तेव्हा सगळ्यांना आठवलं. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. आमच्यात सुतक नाही, विटाळ नाही. माणूस गेलं तर ते शिवाकडं गेलं म्हणायचं, पुरून यायचं आणि पूजेला बसायचं. कढईला कुणी बंदी घालत नाही. आमच्या स्वतःच्या घरात आजोबा वारले तेव्हा आठवड्यात सण आला आणि आम्ही होळग्या केल्या होत्या. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट, पण पुनवेच्या संध्याकाळी ती ना अव्वाला आठवली, ना अप्पांना, ना मला. शेजारणीचा रिवाज आम्ही सासरच्या घराला लावला, कारण तो आम्हाला त्या घटकेला हवा होता.

अप्पांनी मग सांगितलं. अय्यांना निरोप देऊन पाठवलं होतं: आधी आरत्या द्या, मग मुलगा गेल्याचं सांगा. अय्यांनी आरत्या दिल्या. पुढचं त्यांच्यानं बोलवलं नाही. आणि परत जाऊन त्यांनी सांगितलं की दोन्ही कामं झाली.

मी रडले नाही. अव्वानं मला जवळ घेतलं, तीच रडत होती, माझा खांदा ओला झाला. बायका बघायला आल्या. “पोरीला धक्का बसलाय,” म्हणाल्या. धक्का वगैरे काही नव्हता. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्यासाठी काय रडायचं, ते मला कळत नव्हतं, आणि स्वतःसाठी रडावं इतकंही मला काही जाणवत नव्हतं. मला फक्त डब्यात उरलेल्या शेवटच्या आरतीचं काय होणार असं वाटत होतं. अव्वालाही ते कळेना. गौरीला ओवाळलेली वस्तू टाकता येईना, आणि खावी तर घास कसा उतरायचा! तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा फळीवर मागं सारून ठेवला.

संक्रांत झाल्यावर सासू आली. एकटीच आली होती, कुणाच्या तरी गाडीतून. मी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वाटलं होतं त्यापेक्षा तरुण होती. अव्वानं तिला पाणी दिलं. मग ती म्हणाली, “पोरगी मोकळी झाली म्हणून सांगायला आले. दुसरं घर बगा. कुणी काय बोललं तर माझ्याकडं पाठवा, मी सांगते पोरगी लक्षुमी हाय म्हणून.”

अव्वा म्हणाली, “पर आरत्या कामून पाठवल्या, अक्का?”

सासूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “साकर त्यानं आणली हुती. छावणीत असताना सोलापुरात हमाली केली, त्यातनं थोडी-थोडी करून साठवली. आपल्याकडं मिळंना, पहिल्या पुनवंला तिला गुळाच्या कशा द्यायच्या म्हणायचा. मग त्यो गेला नि साकर माज्यापाशी ऱ्हायली. आता त्या साकरंचा मी च्या करून पिऊ? आदी निरोप धाडला असता तर तुमी बुट्टी दारातनंच माघारी लावली असती. म्हनून म्हनलं, आदी खाऊ दे तिला.”

तिनं मला जवळ बोलावलं. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

“गोड हुत्या का गं?”

“व्हय,” मी म्हणाले.

“काय-काय खाल्लीस?”

मी सांगितलं. आधी पोपट, मग मोर, मग उंट, मग हत्ती. शाळेत धडा म्हणतात तसं एका दमात सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “परत सांग.” मी परत सांगितलं. मग मी उठले, फळीवरचा डबा काढला आणि तिच्यापुढं उघडून धरला. अव्वा “अगं” म्हणाली आणि थांबली. आत एक वृंदावन उरलं होतं. सासूनं ते मोडलं, एक तुकडा मला दिला आणि एक आपल्या तोंडात घातला. तिनंही तोवर त्या साखरेतला कण चाखला नव्हता, हे मला तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं. तो तुकडा विरेपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं. साखर जुनी होऊन कडक झाली होती, पण गोड होती. पुढच्या वर्षी यांच्याकडून येणार नाहीत, एवढाच विचार माझ्या मनात आला.

ती गेली. पुन्हा कधी आली नाही. तिनं सांगितल्याप्रमाणे अप्पांनी दुसरं घर पाहिलं. लगेच मिळालं नाही. दोन ठिकाणी गोष्ट बाहेरून कळली आणि नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, उदगीरकडच्या एका घरात, त्यांना सगळं सांगूनही त्यांनी होकार दिला. अव्वानं गावातल्या बसवण्णाच्या देवळात नारळ फोडला. मी सुटले होते; भावाच्या घरी भाकऱ्या थापत म्हातारं व्हायचं टळलं होतं. हे मला कळत होतं, पण हायसं वाटलं असं काही आठवत नाही.

पुढच्या गौरीपुनवेला नव्या सासरहून आरत्या आल्या. त्यांनी हैदराबादहून मागवल्या होत्या. मोठ्या, गुलाबी आणि पिवळ्या. चार बायका वाजतगाजत घेऊन आल्या. गल्लीतल्या पोरी बघायला जमल्या आणि मास्तरीणकाकूंनी माझी दृष्ट काढली. मी ओवाळून घरी आले आणि पोपट तोंडात घातला.

तो तितकाच गोड होता. मी तो जिभेवर फिरवून पाहिला, डोळे मिटून पाहिला. कुठंही काही फरक नव्हता. हमाली करून साठवलेली साखर आणि दुकानातून आणलेली साखर, दोन्ही सारख्याच लागत होत्या. तेव्हा मला रडू फुटलं, आणि इतकं फुटलं की श्वास घेता येईना. घरातल्या बायकांनी मला मध्ये घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्या एकमेकींकडं बघून हसत होत्या. सासरी जायचंय म्हणून पोरगी रडायलीय, असं त्या म्हणाल्या.